टपालाच्या तिकिटांतील राष्ट्र

वाङ्मयविचाराला वाहिलेल्या मासिकांत टपालाच्या तिकिटांची चिकित्सा पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. काव्य, नाटक, कादंबरी आणि फार तर चित्र व शिल्प, एवढींच टीकेचीं क्षेत्रें, अशी आपली रूढ समजूत आहे. तिकिटें जमविणें हा शाळकरी मुलांचा सुटींतील उद्योग किंवा निवृत्त गृहस्थांचा विरंगुळा मानला जातो. ही समजूत आम्हांस बरोबर वाटत नाहीं. लोकप्रियांतील लोकप्रिय कवीचा ग्रंथ जितक्या हातांतून जातो, त्याच्या कितीतरी पट अधिक हातांतून नित्याचें एखादें तिकीट गेलेलें असतें; आणि त्यांत ज्यांस अक्षरओळख नाहीं, असेही हात पुष्कळ असतात. दीडदोन इंचांच्या कागदावर राज्यसंस्था स्वतःविषयीं कांहीं बोलत असते. जें बोलतें, त्याचा अर्थ लावणें आणि तें बोलणें खरें कीं पोकळ हें पाहणें, हेंच जर टीकेचें काम असेल, तर तिकिटांस त्यांतून सूट मिळण्याचें कारण दिसत नाहीं.

तिकिटांच्या प्रदर्शनांत जीं उद्घाटनाचीं भाषणें होतात, त्यांत एक वाक्य ठरलेलें असतें. तिकीट हा राष्ट्राच्या वारशाचा आरसा आहे, असें वक्ते सांगतात आणि श्रोते टाळ्या देतात. हें वाक्य आम्हीही एकदोनदां बोललों आहों. म्हणून त्याची झडती घेण्याचा अधिकार आम्हांस आहे असें वाटतें. आरशापुढें जें उभें राहील तें आरसा दाखवितो. त्यास निवड ठाऊक नसते. तिकिटाचें तसें नाहीं. काय दाखवावें, कसें दाखवावें आणि काय मुळींच दाखवूं नये, हें कोणीतरी ठरविल्याशिवाय तिकीट छापलें जात नाहीं. तेव्हां तीन कसोट्या लावून पाहणें इष्ट होईल: निवड कोणाची आणि कशाची, चित्रण कोणत्या प्रतीचें, आणि टपालांतून प्रवास करून आल्यावर त्या तिकिटाशीं कोणती स्मृति जोडलेली राहिली. पहिल्या दोन कसोट्या सर्वांस सुचतात. तिसरी आम्हांस फार उशिरां सुचली, आणि ती सुचण्यास मोठी किंमत द्यावी लागली. तें पुढें सांगूं.

प्रथम हें ध्यानांत ठेवलें पाहिजे कीं, तिकिटावर चित्र आलें तें कलेच्या हौसेनें आलें नाहीं. १८४० सालीं इंग्लंडांत रोलंड हिल याच्या योजनेनें जगांतील पहिलें चिकटवावयाचें तिकीट निघालें. त्यावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा घातला गेला, त्याचें एक मोठें कारण व्यवहाराचें होतें. माणसाचा चेहरा ही अशी वस्तु आहे कीं, नकलेंत एखादी रेघ चुकली तरी डोळ्यांस तें चटकन् जाणवतें. नक्षी चुकली तर जाणवत नाहीं. म्हणजे तिकिटावरील पहिलें चित्र हें बनावटीविरुद्ध ठेवलेला पहारेकरी होतें. राजनिष्ठा, गौरव, वारसा हे अर्थ त्यास मागाहून चिकटले. आपल्या जुन्या राजमुद्रांचीही हीच कथा आहे. मुद्रा असते कागद खरा आहे हें सांगण्यासाठीं. पण ती उमटविणारा आपण कोण, हेंही ती सांगून जाते.

आपल्या देशांत आरंभ सिंधपासून झाला. १ जुलै १८५२ रोजीं सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर (हेच पुढें मुंबईचे गव्हर्नर झाले) यांनीं ‘सिंद डाक’ या नांवाचें अर्ध्या आण्याचें वाटोळें तिकीट काढलें. आशिया खंडांतील हें पहिलें तिकीट होय. त्यावर राणी नाहीं, राजा नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीचें व्यापारी चिन्ह तेवढें उठविलें आहे. गोणीवर आणि पेटीवर जें चिन्ह, तेंच पत्रावर! त्या काळीं हा देश एका व्यापारी मंडळीच्या ताब्यांत होता, ही गोष्ट इतक्या निखळपणें सांगणारा दुसरा कागद मिळणें कठीण. पुढें १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व हिंदुस्थानसाठीं तिकिटें सुरू झालीं, अंतर कितीही असो पत्रास दर एकच हा नियम आला, आणि कलकत्त्यास छापलेल्या त्या तिकिटांवर ‘इंडिया’ या शब्दासह व्हिक्टोरिया राणी येऊन बसली. तेव्हांपासून १९३१ पर्यंत, १९२९ चीं विमानटपालाचीं तिकिटें वगळलीं तर, ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर राज्यकर्त्याच्या मस्तकावांचून दुसरें चित्र नाहीं. पाऊणशें वर्षें देशाचें नांव आणि परक्याचा चेहरा अशी जोडी घरोघरीं जात होती. या काळांतील तिकिटांचा संग्रह पुढें घेऊन कोणी ‘वारसा’ शोधूं लागला, तर त्यास रंगांच्या छटा आणि कागदांतील पाणचिन्हें सांपडतील. देश सांपडणार नाहीं.

१९३१ सालीं नव्या दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त सहा चित्रमय तिकिटें निघालीं. जुना किल्ला त्यांत आहे. पण बाकीचा भर व्हाइसरॉयचें निवासस्थान, कौन्सिल हाउस, सचिवालय अशा नव्या सरकारी वास्तूंवर आहे. १९३५ मध्यें पंचम जॉर्ज बादशहांच्या रौप्यमहोत्सवाचीं सात तिकिटें आलीं. त्यांत मुंबईचा गेटवे, रामेश्वरचें मंदिर, ताजमहाल, अमृतसरचें सुवर्णमंदिर, कलकत्त्याचें जैन मंदिर यांस जागा मिळाली, आणि मंडालेचा पॅगोडाही आला, कारण ब्रह्मदेश त्या वेळीं हिंदुस्थान सरकारच्याच कारभाराखालीं होता. देवालयें आलीं, पण उत्सव मात्र बादशहांचा! रामेश्वरास या प्रसंगीं पाहुणा म्हणून बोलावून एका बाजूस उभें केलें आहे, असें ते चित्र पाहून वाटतें.

या मालिकांहून १९३७ ची मालिका आम्हांस गुणांनीं श्रेष्ठ वाटते. षष्ठ जॉर्जचें मस्तक तींतही आहे. परंतु त्याच्या शेजारीं डाक नेणारा हलकारा, बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटार आणि विमान असा टपालाचा सारा प्रवासच क्रमानें मांडला आहे. दोन आण्यांच्या तिकिटावरील तो धांवणारा हलकारा पाहावा. तो कोणी राजा नव्हे, साधु नव्हे, विद्वान नव्हे. नदीनाले ओलांडून लोकांचीं सुखदुःखें खांद्यावर वाहणारा तो एक निनांवी मनुष्य आहे. एका कष्टकऱ्यास त्याच्याच कामाच्या रूपानें आपल्या तिकिटांवर मान मिळाला तो येथें. परक्या राज्यकर्त्यांच्या अमदानींत हें घडलें, म्हणून त्याचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. रसिकानें चांगलें तें चांगलें म्हणावें.

निवडीचा प्रश्न किती गहन आहे, हें संस्थानी तिकिटें पाहिलीं म्हणजे अधिक कळतें. निजामाच्या राज्यांत मराठी आणि तेलुगू प्रजा होती, म्हणून तिकिटांवर इंग्रजी व उर्दूबरोबर या दोन भाषांतही किंमत लिहिलेली असे. १९३१ सालच्या हैदराबादच्या मालिकेंत चारमिनार आहे, तशींच आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचें प्रवेशद्वार आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा विजयमनोरा आहे. म्हणजे मराठवाड्याचें हें धन टपालाच्या तिकिटावर चढलें तें आसफजाही दौलतीचें भूषण म्हणून. तिकडे गोमंतकांत १८९८ सालीं वास्को द गामाच्या सफरीच्या चतुःशताब्दीचीं तिकिटें निघालीं. ज्याच्या येण्यानें या किनाऱ्यावर साडेचारशें वर्षांच्या परकी सत्तेची वाट उघडली, त्याचा उत्सव गोमंतकीय माणसानें स्वतः पैसे देऊन आपल्या पत्रावर चिकटविला. यावरून एक सिद्धान्त निघतो. वारसा ही वस्तु जरी लोकांची असली, तरी तिकिटावर ती मालकाच्या नांवानें नोंदली जाते. म्हणून तिकिटावर अजिंठा आहे एवढ्यानें भागत नाहीं. तो कोणाच्या तोंडून बोलत आहे हें पाहावें लागतें.

स्वातंत्र्य आलें त्या वेळची तिकिटांची कथा तर कोणाही इतिहासकारानें टिपून ठेवावी अशी आहे. हिंदुस्थान सरकारचा तिकिटें छापण्याचा कारखाना नाशिकला. १९२६ पासून देशाचीं तिकिटें तेथें छापलीं जाऊं लागलीं होतीं. फाळणी झाली, नव्या पाकिस्तानपाशीं स्वतःचीं तिकिटें नव्हतीं. तेव्हां षष्ठ जॉर्जच्या मुखवट्याच्या हिंदुस्थानी तिकिटांवरच ‘पाकिस्तान’ अशीं अक्षरें छापून १ ऑक्टोबर १९४७ रोजीं तीं त्या देशाचीं तिकिटें म्हणून प्रचारांत आलीं, आणि तीं अक्षरेंही छापलीं गेलीं नाशिकलाच. जेथें हीं पुरेशीं पोंचलीं नाहींत, तेथें गांवोगांवच्या टपालकचेऱ्यांनीं रबरी शिक्के करून हातानें तोच शब्द उमटविला. एका देशाचे दोन देश झाले हें सांगण्यासाठीं ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. गोदाकाठच्या एका छापखान्यांतून निघालेला, एकाच राजाच्या कपाळावर आडवा पडलेला तो शब्द पाहिला म्हणजे त्या ग्रंथांतील पुष्कळ पानें एका दृष्टिक्षेपांत समजतात. या तिकिटांत सुंदर असें कांहीं नाहीं. पण खरेंपणा आहे. कारण तो क्षण सजविण्यास कोणासही सवड मिळालेली नव्हती.

इकडे स्वतंत्र भारताचें पहिलें तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजीं निघालें. साडेतीन आण्यांच्या त्या तिकिटावर तिरंगी ध्वज आणि नागरींत ‘जय हिन्द’ हीं अक्षरें आहेत. पुढें १५ ऑगस्ट १९४८ रोजीं, म्हणजे हत्येनंतर सातव्या महिन्यांत, महात्मा गांधींचीं चार तिकिटें प्रसिद्ध झालीं. त्यांवर नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिपींत ‘बापू’ हा एकच घरगुती शब्द आहे. हा शब्द ज्यानें सुचविला असेल त्याच्या रसिकतेस आम्ही मानतों. ‘महात्मा’ म्हटलें असतें तर लोकांनीं वंदन केलें असतें; ‘बापू’ म्हटल्यामुळें तो शोक घरांतला झाला. परंतु याच तिकिटांच्या पोटीं एक विसंगति आहे: स्वदेशीचा मंत्र देणाऱ्या पुरुषाचीं हीं तिकिटें स्वित्झर्लंडमध्यें छापवून आणिलीं होतीं. छपाई अत्यंत नाजूक आहे, यांत शंका नाहीं. तथापि चरख्याच्या उपासकास परदेशी यंत्रांतून यावें लागावें, हें पाहून मन थोडें ओशाळतें. त्रेसष्ट वर्षांनीं, २०११ सालीं, गांधींचें तिकीट प्रत्यक्ष खादीच्या कापडावर छापून टपालखात्यानें जणूं त्याची भरपाई केली. पण त्याची किंमत होती शंभर रुपये. तें पत्रावर लावण्यासाठीं नव्हतेंच, तें जपून ठेवण्यासाठीं होतें. पहिल्या तिकिटांत साधन परकें होतें, पण त्यांतलें दीड आण्याचें तिकीट तरी लोकांच्या पत्रांवर गेलें. दुसऱ्यांत साधन स्वदेशी होतें, आणि तें कपाटांत गेलें. दोहोंपैकीं गांधींच्या अधिक जवळचें कोणतें, हें वाचकांनींच ठरवावें.

आमच्या मतें आपल्या तिकिटांतील सर्वांत थोर कृति म्हणजे १५ ऑगस्ट १९४९ ची सोळा तिकिटांची पुरातत्त्वमालिका. तीन पैंपासून पंधरा रुपयांपर्यंत हा क्रम आहे. अजिंठ्याचा हत्ती, कोणार्कचा अश्व, घारापुरीची त्रिमूर्ति, बोधिसत्त्व, नटराज, सांचीचें तोरण, बुद्धगयेचें मंदिर, भुवनेश्वर, विजापूरचा गोलघुमट, खजुराहोचें कंदरिया महादेव, सुवर्णमंदिर, चितोडचा विजयस्तंभ, दिल्लीचा लाल किल्ला, ताजमहाल, कुतुबमिनार आणि पालिताण्याचें शत्रुंजय. बौद्ध, शैव, जैन, शीख आणि मुसलमानी परंपरा एकाच पंक्तीस बसविल्या आहेत. ही यादी ज्या वेळीं झाली, ती वेळ आठवावी. रक्तपाताला दोन वर्षेंही पुरतीं लोटलीं नव्हतीं. अशा वेळीं ‘आम्ही कोण’ या प्रश्नाचें उत्तर राज्यानें रोजच्या पत्रावर चिकटविण्याजोगें लिहिलें, आणि त्या उत्तरांत कोणासही वगळलें नाहीं. हें धैर्य कलेच्या गुणांहूनही मोठें आहे.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. निजामाच्या मालिकेंत आठ आण्यांवर असलेला अजिंठा येथें तीन पैंच्या, म्हणजे सर्वांत हलक्या किमतीच्या तिकिटावर आहे. आठ आणे म्हणजे शहाण्णव पै. अजिंठा बत्तीसपट स्वस्त झाला! हें हेतुपूर्वक घडलें कीं योगायोगानें, हा वाद आम्ही घालीत नाहीं. परिणाम तेवढा सांगतों: दौलतीचें भूषण असलेली वस्तु चिल्लरीच्या व्यवहारांत आली, आणि वारसा या शब्दास थोडासा अर्थ प्राप्त झाला.

या मालिकेंत दोष नाहींत असें मात्र नाहीं. एक आण्याच्या तिकिटावरील बोधिसत्त्वाची मूर्ति उलटी छापली गेली. उजवा हात पसरलेला असावयाचा तेथें डावा झाला. मूर्तिशास्त्रांत उजव्याडाव्याचा भेद म्हणजे अर्थाचाच भेद. चूक ध्यानांत येऊन १९५० सालीं सुधारलेलें तिकीट निघालें. आणि आज संग्राहक या दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी लावून मोठ्या अभिमानानें दाखवितात. आम्हांस त्या जोडींत एक धडा दिसतो. वारशाचें चित्र काढणाऱ्यास वारसा ठाऊक असतोच असें नाहीं. पण चूक कबूल करून ती दुरुस्त करण्याची लाज वाटत नसेल, तर तेंही एक वारशाचेंच लक्षण समजावें.

दुसरा आक्षेप असा कीं, या सोळा तिकिटांत दगड पुष्कळ आहेत, पण माणूस नाहीं. वारसा म्हणजे पडकीं देवळें आणि घुमट, अशी कल्पना तींतून होण्याचा संभव होता. तिला १९५५ च्या पंचवार्षिक योजनेच्या मालिकेनें उत्तर दिलें. ट्रॅक्टर, चरखा, दामोदर खोऱ्याचें धरण, चित्तरंजनचा इंजिनांचा कारखाना, हिंवतापाचें निर्मूलन हे त्या मालिकेचे विषय. चित्रें म्हणून तीं रुक्ष आहेत. पण पूर्वजांनीं काय ठेविलें याबरोबर आपण काय ठेवणार आहों, हा प्रश्न तीं विचारतात.

व्यक्तींच्या निवडीविषयीं मात्र मराठी वाचकाचें मन थोडें दुखावलेलें असतें. १ ऑक्टोबर १९५२ रोजीं संतकवींची पहिली मालिका निघाली: कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ. सहांत एकही दक्षिणेचा नाहीं. ज्ञानोबा नाहीं, तुकोबा नाहीं, तसेच तमिळ आळवार किंवा कन्नड वचनकार नाहींत. आमची तक्रार केवळ आपल्या प्रांताची असती तर ती आम्ही गिळली असती. तक्रार समतोलाची आहे. संत नामदेवांचें तिकीट आलें तें १९७० सालीं. ज्यांचीं पदें पंजाबांत गुरुग्रंथसाहिबांत आदरानें गाइलीं जातात, जे महाराष्ट्र आणि उत्तर हिंदुस्थान यांमधील सेतूच होते, त्यांना अठरा वर्षें थांबावें लागलें! तथापि न्यायबुद्धीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, लोकमान्य टिळक १९५६ सालीं, शिवछत्रपति १९६१ सालीं आणि डॉ. आंबेडकर १९६६ सालीं तिकिटांवर आले. आणि १८ एप्रिल १९५८ रोजीं, आपल्या शंभराव्या वाढदिवशीं, महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें तिकीट निघालें. हयात असतां भारतीय तिकिटावर आलेले ते पहिलेच गृहस्थ. हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून विधवांना शिकविणाऱ्या, त्यापायीं स्वजनांचा बहिष्कार सोसणाऱ्या शिक्षकास राष्ट्रानें हा मान दिला, हें आठवलें म्हणजे १९५२ चा आमचा राग पुष्कळसा निवळतो.

त्यानंतरच्या काळाविषयीं आम्हांस इतक्या आदरानें बोलतां येत नाहीं. स्मारक-तिकिटांचा ओघ वाढला. जयंत्या, शताब्द्या, संस्थांचे महोत्सव, मंडळांचे अर्ज, अशा मागण्यांतून पुष्कळ तिकिटें जन्मास येऊं लागलीं. त्यांतील कित्येक व्यक्ति खरोखर थोर आहेत. पण छायाचित्रावरून उतरविलेला चेहरा, खालीं नांव आणि सन, एवढ्यानें त्या थोरवीचा बोध होत नाहीं. चांगल्या चरित्रलेखांत एखादा प्रसंग असतो. येथें केवळ नामावळी उरते. २००६ सालीं चंदनाच्या वासाचें तिकीट निघालें, पुढच्या वर्षीं गुलाबाच्या वासाचें निघालें. आणि आतां तर पैसे भरून कोणासही आपलें छायाचित्र तिकिटाशेजारीं छापून घेतां येतें. गंमत म्हणून यांस कोणाचा विरोध असणार? परंतु ज्या जागेवर कोणी यावें याविषयीं राष्ट्रानें विचार करावयाचा, ती जागा भाड्यानें मिळूं लागली कीं तिच्यावरील थोरांचाही मान उणावतो. असो.

येथवर पहिल्या दोन कसोट्या झाल्या. आतां तिसरी, आणि तिच्यासाठीं स्वतःचा एक अपराध सांगणें भाग आहे.

१९८० च्या सुमारास आम्ही दहाअकरा वर्षांचे होतों आणि वर्गांत तिकिटें जमविण्याची साथ आली होती. आजीच्या ट्रंकेंत पाकिटांचें एक पुडकें होतें. आजोबा नोकरीसाठीं मुंबईस आणि आजी मुलांसह वाईस, अशीं त्यांचीं कांहीं वर्षें गेलीं होतीं. त्या वर्षांतलीं तीं पत्रें. त्यांवर ‘बापू’ होते, नटराज होता, सांचीचें तोरण होतें. आजी देवदर्शनास गेली असतां आम्ही तें सगळें पुडकें कोमट पाण्याच्या घमेल्यांत भिजत घातलें. तिकिटें सुटण्यास फार वेळ लागला नाहीं. परंतु आंतलीं पत्रें काढण्याचें भान राहिलें नव्हतें. शाई पसरली, कागद एकमेकांस चिकटले, आणि तो लगदा कोणास दिसूं नये म्हणून दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो पाणी तापविण्याच्या बंबांत गेला. आजीनें मारलें नाहीं. ती एवढेंच म्हणाली, “अरे, तिकिटें मीच तुला कापून दिलीं असतीं. पत्रें कशाला भिजवलींस?” पुढें एकदां तिनें सांगितलें कीं, त्यांत धान्याचे भाव होते, खोलीच्या भाड्याची विवंचना होती, आमच्या वडिलांना गोवर आला तेव्हां काय करावें याच्या सूचना होत्या. बस्स, एवढेंच. तिला जेवढें आठवलें तेवढें उरलें.

तीं तिकिटें आजही आमच्या संग्रहांत आहेत. दंतुर कडा शाबूत आहेत, रंग उडालेला नाहीं. बाजारांत त्यांस फारशी किंमत नाहीं, कारण तशीं पुष्कळ मिळतात. जें पुन्हा मिळणार नाहीं तें आम्ही जाळलें. या अनुभवानें आमची दृष्टि पालटली. तिकिटाच्या दोन बाजू आहेत. एक बाजू राज्य छापतें. तींत राष्ट्र स्वतःविषयीं जें म्हणूं इच्छितें तें असतें. दुसरी बाजू टपालाचा शिक्का, पत्ता, तारीख आणि आंतील मजकूर यांनीं पुरी होते. तींत राष्ट्र प्रत्यक्षांत कसें जगत होतें तें असतें. नटराजाच्या तिकिटाखालीं धान्याचा भाव लिहिलेला असेल, तरच १९४९ सालचा भारत आपणांस पुरता दिसेल. नुसता नटराज पाहावयाचा तर तो संग्रहालयांत अधिक चांगला दिसतो.

संग्राहकांच्या जगांत आजही कोऱ्या, न वापरलेल्या तिकिटास बहुधा अधिक मान आहे. शिक्का बसला कीं त्याचें तेज गेलें असें समजतात. टपालाच्या इतिहासाचा अभ्यास करणारे कांहीं जाणते लोक अखंड पाकिटें जपतात, मार्ग आणि दर तपासतात, हें आम्हांस ठाऊक आहे. तेच खरे संशोधक होत. परंतु घराघरांतील मुलांच्या हातीं जो आल्बम दिला जातो, तो अजून तिकीट कापूनच भरला जातो. ज्या महाराष्ट्रांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं दारोदार हिंडून जुनीं दफ्तरें जमविलीं, वाण्याच्या हिशेबासही तहनाम्याइतकें मोल आहे हें शिकविलें, आणि ज्या पुण्यांत १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, त्या प्रांतांत तरी असें होऊं नये. राजवाड्यांस कित्येक घरीं वाळवीनें खाल्लेले कागद पाहावे लागले. आमच्या घरीं वाळवीचें काम आम्हींच केलें.

म्हणून उद्घाटनाच्या भाषणांतील तें वाक्य आम्ही यापुढें थोडें बदलून म्हणणार आहों. तिकीट हें वारशाचें शिफारसपत्र आहे. शिफारसपत्रांत गुण वाढवून सांगितलेले असतात, उणिवा गाळलेल्या असतात, आणि तें लिहिणाऱ्याचा स्वभाव त्यांतून न सांगतां कळतो. अशा कागदाचा उपयोग पुष्कळ आहे. मात्र तो वाचतांना सावध असावें लागतें, आणि ज्याच्याविषयीं तो लिहिला आहे त्यास प्रत्यक्ष भेटावें लागतें. ही भेट त्या पाकिटाच्या आंत होते.

आतां पत्रें लिहिण्याची चाल जवळजवळ मोडली आहे. २०१३ सालीं तार बंद झाली. निरोप मोबाइलवर जातात आणि मोबाइल बदलला कीं नाहींसे होतात. म्हणजे पाकिटांचा सांठा आहे तेवढाच आहे, तो वाढणार नाहीं. ज्यांच्या माळ्यावर, ट्रंकेंत, देवघराच्या कपाटांत अशीं पुडकीं असतील, त्यांस आमची विनंती आहे कीं, घरांतील मुलांना तिकिटांची गोडी जरूर लावावी. पण कात्री आणि पाण्याचें घमेलें त्यांच्या हातीं देऊं नये. पाकीट जसेंच्या तसें ठेवावें, पत्र वाचून दाखवावें, त्यांतलीं माणसें कोण तें सांगावें.

आमच्या आजोबांचें एक पाकीट मात्र वांचलें. त्यावरचें तिकीट आधींच कधीं तरी गळून पडलेलें होतें, म्हणून त्या दिवशीं तें आमच्या उपयोगाचें नव्हतें आणि आम्ही तें बाजूस टाकलें. कोपऱ्यांत फिकट चौकोन आहे, अर्धा शिक्का आहे, आणि खालीं आजोबांच्या हातचा वाईचा पत्ता आहे. आंतील पत्रांत खर्चास पाठविलेल्या पंचवीस रुपयांचा हिशेब आहे. आमच्या संग्रहाचें पहिलें पान तें आहे.